मध्यम मुदत

रात्री साडेदहाला तिकडे कचेरी सुटायची वेळ होते.
त्या देशाचं नाव, करारातल्या नवव्या कलमानुसार,
मला कुणालाही सांगता येत नाही.
एवढंच, की तो कापूस पिकवतो
आणि कापड बाहेरून आणतो.

त्रिमूर्तीनगर, दुसरा मजला.
कुलरचा पंप घरघरतोय, वाळा अजून नवा,
आणि टेबलावर
बेचाळीस ओळी, बेचाळीस स्तंभांत मांडलेला अख्खा देश.
प्रत्येक ओळीची बेरीज तिच्या स्तंभाइतकी यायला हवी.
येत नाही. कधीच येत नाही.
उरलेलं मी ‘इतर’मध्ये टाकते,
लग्नाच्या हिशेबात शेवटी ‘किरकोळ’ लिहितात तसं.

कापडावरचं आयातशुल्क पस्तीसवरून दहा टक्के केलं तर?
हा प्रश्न. त्याचेच पैसे.
विणकर किती सहज दुसरीकडे सरकतील
हा आकडा त्या देशाकडे नाही,
शेजारच्याकडे नाही, त्याच्याही शेजारच्याकडे नाही.
मी नवी असताना गोतमारे सरांना विचारलं होतं.
तर्रीपोह्याची बशी बाजूला सारून ते म्हणाले,
“दोन लिही वं. दोनले कोनी काही पुसत नाही.”
एकोणीस वर्षं मी दोन लिहिते आहे.

बटण दाबलं. एक सेकंदही नाही.
नवा समतोल.
कापड स्वस्त. प्रातिनिधिक कुटुंब
(एकच असतं ते, सगळ्या देशाचं मिळून)
शून्य दशांश चार टक्के अधिक सुखी.
विणकामातून सुटलेला श्रम
सेवा-क्षेत्रात रुजू.

पडद्यावर एक मुलगा, मंत्रालयात नवा,
टायची गाठ सैल, इंग्रजी माझ्यासारखंच
पाठ करून शिकलेलं.
मॅडम, हा आधीचा तक्ता आणि हा नंतरचा,
यांच्यामधे किती दिवस जातात?

या मॉडेलमध्ये काळ नसतो, मी म्हणते.
तो वहीत लिहून घेतो. मान वर न करता म्हणतो,
तरी पण.

मध्यम मुदत.

गोळीबार चौकाच्या मागे आमच्या घरात
खड्ड्याचा माग होता. बाबांचे पाय जमिनीखाली,
आम्ही जेवायला बसायचो त्या पातळीला त्यांची कंबर.
नऊवार लुगडी. मग नेसणाऱ्या कमी झाल्या,
इचलकरंजीचं स्वस्त पडायला लागलं.
आईनंही तेच घेतलं,
हलकं असतं, लवकर वाळतं म्हणून.
माग थांबला तेव्हा मी तिसरीत.
बाबा सीताबर्डीच्या एका बँकेत लिफ्ट चालवायला लागले
तेव्हा एम.ए.च्या पहिल्या वर्षाला.
सेवा-क्षेत्र.
मधलं सगळं ‘इतर’मध्ये आहे.
लिफ्टमधल्या स्टुलावर बसले की त्यांचे पाय
पावड्या शोधायचे,
एकदा डावा, एकदा उजवा,
चौथा मजला, तळमजला.

झिरो माइलच्या दगडावर शिवनी किती मैल, बैतूल किती मैल
सगळं कोरलंय.
चालत किती दिवस, हे कोरणाऱ्याला
कुणी विचारलं नसावं.

अहवाल परवा द्यायचा.
मी दोन खोडते. शून्य दशांश तीन करते.
मॉडेल सुटत नाही. लाल अक्षरं, पानभर.
पुन्हा दोन.
सुटतं.

पान सत्तावन्नवर ‘मर्यादा’ नावाचा परिच्छेद असतो,
तिथं बारीक टायपात काहीही लिहिलं तरी चालतं.
तिथं नाही लिहिलं.
रात्री एक वाजता त्या मुलाला वेगळी मेल केली,
अहवालाबाहेरची, बहुधा नवव्या कलमाच्याही:
तुमच्या प्रश्नाचं उत्तर.
माझ्याकडे नमुना एकाच घराचा आहे.
तेरा वर्षं.

सकाळी दूधवाल्याच्या आधी त्याचं उत्तर आलेलं.
धन्यवाद, मॅडम.
स्रोत काय लिहू?